मुलाखतीच्या तयारीत एका संध्याकाळी एकच प्रश्न

शनिवार, रात्र

ॲमेझॉनच्या सॉफ्टवेअर अभियंता पदाच्या मुलाखतीची तारीख ठरल्यापासून संध्याकाळचे दोन तास तयारीसाठी राखून ठेवले आहेत. हिंजवडीहून घरी येऊन जेवण उरकले की लीटकोड या प्रोग्रॅमिंगच्या सरावाच्या संकेतस्थळावर एकामागून एक प्रश्न सोडवायचे, असा सुरुवातीचा क्रम होता. तो आता जाणीवपूर्वक बदलला आहे. एका बैठकीत एकच प्रश्न घेते आणि लिहिलेल्या प्रत्येक ओळीचे कारण तोंडाने सांगता येईपर्यंत तो सोडत नाही.

आज बायनरी सर्च घेतला. क्रमाने लावलेल्या यादीतला मधला घटक पाहायचा आणि निम्मी यादी बाजूला सारायची, एवढीच ही पद्धत. दहा लाख घटकांतूनही साधारण वीस तुलनांत उत्तर मिळते. पण ३, ७, ७, १२ या यादीत पहिला ७ कुठे आहे, असे विचारले की खरा कस लागतो. मधल्या जागी ७ सापडला म्हणून थांबता येत नाही, कारण त्याच्या डावीकडे आणखी एखादा ७ असू शकतो; आणि शोधायच्या भागाची उजवी सीमा त्या जागेच्या एक घर अलीकडेही नेता येत नाही, कारण तोच पहिला ७ असण्याची शक्यता असते. डावी आणि उजवी सीमा एकत्र येईपर्यंत त्याच ओळी पुन्हा पुन्हा चालवणाऱ्या लूपमध्ये सीमा एक घर अलीकडे नेली, तर याच चार आकड्यांत शेवटी ३ वर बोट ठेवले जाते. हे कागदावर हाताने चालवून पाहिले, तेव्हाच ती ओळ माझी झाली.

मधली जागा काढण्यासाठी दोन्ही सीमांची बेरीज करून दोनाने भागणे हेही दिसते तितके निर्धोक नाही. जावा या प्रोग्रॅमिंग भाषेतील इंट या पूर्णांकाच्या प्रकारात २,१४,७४,८३,६४७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. यादी प्रचंड असेल तर ही बेरीज मर्यादा ओलांडून ऋण होते. जावाच्या स्वतःच्या लायब्ररीतही, म्हणजे भाषेसोबत मिळणाऱ्या तयार कोडमध्येही, हा दोष सुमारे नऊ वर्षे होता आणि तिथला बायनरी सर्च लिहिणाऱ्या जोशुआ ब्लॉक यांनीच २००६ मध्ये त्याविषयी जाहीरपणे लिहिले. सीमांमधील अंतराचा निम्मा भाग डाव्या सीमेत मिळवला की प्रश्न मिटतो.

अशा मुलाखतींचा रोजच्या कामाशी काही संबंध नसतो, ही तक्रार मी कार्यालयात वारंवार ऐकते, पण मला ती पटत नाही. बायनरी सर्च आपण क्वचितच स्वतः लिहितो, हे खरे. मात्र कोडमधल्या शेकडो बदलांतून बिघाड आणणारा नेमका बदल शोधायला आम्ही कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमधली बायसेक्ट ही आज्ञा वापरतो, तेव्हा त्यामागे हाच विचार असतो.

नऊ वाजता महाविद्यालयातील एका सीनियर ताईने सराव मुलाखत घेतली. कोड आपोआप पूर्ण होण्याची सोय नाही आणि तो चालवून पाहण्याचीही मुभा नाही, असे कोरे पान समोर होते. मी लिहायला सुरुवात करताच ती म्हणाली, “अगं, थांब. यादी रिकामी असू शकते का, हे आधी मला विचार. मी गप्प आहे म्हणजे मला सगळं कळतंय असं धरून चालू नकोस.” कोड लिहिण्याआधीची ती पाच मिनिटे मला आता सर्वांत मोलाची वाटतात.

ॲमेझॉनच्या मुलाखतीत त्यांच्या नेतृत्वतत्त्वांवरचे प्रश्नही तितकेच वजनदार असतात. ही तत्त्वे २०२१ पासून सोळा आहेत. त्यांपैकी मतभेद स्पष्टपणे मांडून निर्णय झाल्यावर पूर्ण साथ देण्याच्या तत्त्वासाठी मी एक प्रसंग निवडला आहे. एका प्रणालीकडून दुसरीकडे संदेश पोहोचवणाऱ्या आमच्या रांगेतून एकच संदेश कधी कधी दोनदा येत असे आणि ग्राहकाला एकाच ऑर्डरचे दोन एसएमएस जात. प्रक्रिया झालेले ऑर्डर क्रमांक कॅशेमध्ये, म्हणजे झटपट वाचता येणाऱ्या तात्पुरत्या साठ्यात, ठेवावेत, असे बहुतेकांचे मत होते; कॅशे रिकामी झाली की ही आठवणच पुसली जाईल, म्हणून ते डेटाबेसमध्ये युनिक बंधनासह, म्हणजे तोच क्रमांक दुसऱ्यांदा नोंदू न देणाऱ्या अटीसह, नोंदवावेत, असे मी मांडले. हा प्रसंग सांगताना संघाने काय केले आणि मी स्वतः काय ठरवले, हे वेगळे काढणे मला बायनरी सर्चपेक्षा अवघड जाते, कारण एकट्याच्या नावावर काम सांगायची आपल्याला सवय नसते. तरीही समोरच्याला माझाच निर्णय तपासायचा असतो आणि ते मला रास्त वाटते.

उद्या सिस्टम डिझाइन, म्हणजे अख्ख्या प्रणालीची आखणी करण्याचा प्रश्न: लांब दुवे छोटे करणारी सेवा. इंग्रजी लहान-मोठी अक्षरे आणि अंक मिळून बासष्ट चिन्हे होतात, त्यांतून सात चिन्हांचे सुमारे साडेतीन लाख कोटी दुवे तयार होतात. तेव्हा जागेची चणचण नाही. दोन सर्व्हरनी एकाच क्षणी एकच दुवा दिला तर काय, यावर मात्र सकाळी ताजेपणी विचार करायचा आहे.