आमची वाटचाल : बंदुकीच्या दुकानातून कुलपाच्या पेटीकडं

सोलापुरात बंदुकीचं दुकान चालतं तरी कशावर, असं नवा माणूस हमखास विचारतो. बंदूक विकून तर नाहीच. परवाना हातात घेऊन नवं हत्यार न्यायला येणारी गिऱ्हाइकं बोटांवर मोजण्याइतकी. दुकान चालतं ते दुरुस्तीवर, काडतुसांवर, निवडणुकीच्या तोंडावर जमा होणाऱ्या हत्यारांवर आणि अलीकडं आम्ही बनवतो त्या लोखंडी पेट्यांवर. या पेट्यांचं मूळ शोधायला गेलं तर ते दुकानातल्या बाकावर सापडतं. रिव्हॉल्वरच्या पोटातच कुलूप असावं की नसावं, यावर त्या बाकावर चहाच्या किती किटल्या रिकाम्या झाल्या असतील त्याला हिशेब नाही.

आजोबा कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर होते. नोकरी सोडून मधल्या मारुतीजवळ त्यांनी छोटी खोली घेतली आणि तिजोऱ्या, कुलपं, शिलाई मशीन, जे येईल ते दुरुस्त करू लागले. १९५९चा शस्त्र कायदा १९६२च्या ऑक्टोबरपासून लागू झाला, त्यानंतर थोड्याच काळात त्यांनी बंदूक दुरुस्तीचा परवाना काढला. तेव्हा काम यायचं ते ठासणीच्या बंदुकांचं आणि बारा बोअरच्या दुनळीचं. अक्कलकोट, जत, मंगळवेढ्याकडची जुनी घराणी बैलगाडीत, धोतराच्या पानात गुंडाळून बंदूक आणायची. अक्कलकोटच्या राजवाड्यातलं शस्त्रागार बघून आलेली मंडळी आजही आमच्याकडं येऊन "तसली एखादी मिळंल का?" म्हणून विचारतात. मिळत नाही.

वडिलांच्या काळात धंद्याचं गणितच बदललं. १९८०च्या दशकाच्या मध्यात सामान्य परवानाधारकाला परदेशी हत्यारांची आयात बंद झाली. जी वेब्ली, जी स्मिथ अँड वेसन ही परदेशी रिव्हॉल्वरं देशात आधीच होती तीच हातोहात फिरत राहिली आणि त्यांच्या किमती सोन्यासारख्या चढत गेल्या. बाकीच्यांना कानपूरच्या सरकारी कारखान्याचं बत्तीस बोअरचं रिव्हॉल्वर. वडिलांनी मग हत्यारं जमा ठेवून घेण्याचा परवाना काढला. आज मागं बघताना वाटतं, आमचं घर उभं राहिलं ते त्या परवान्यावर. कायद्यानं हत्यार पोलीस ठाण्यात जमा करता येतं, तसंच परवानाधारक दुकानदाराकडंही. बरेच जण दुकान पसंत करतात, कारण आम्ही ते पुसून, तेल देऊन ठेवतो.

आणि जमा झालेलं हत्यार घरची सगळी हकिकत सांगतं. ज्वारीच्या कणगीत ठेवलेल्या बंदुकीच्या नळीतून दाणे निघतात. पैठणीच्या घडीत ठेवलेलं रिव्हॉल्वर डांबरगोळीच्या वासाचं. चामड्याच्या पाकिटात कायमचं ठेवलेलं असेल तर हमखास गंज, कारण चामडं ओल धरून ठेवतं. सोलापूरची हवा कितीही कोरडी असली तरी श्रावण-भाद्रपदात ते दिसतंच. पाकीट फिरायला, पेटी ठेवायला, हे वडील प्रत्येकाला सांगायचे आणि प्रत्येक जण मान हलवून पुन्हा पाकिटातच ठेवायचा. पण सगळ्यात वाईट वाटतं ते भरलेलं हत्यार जमा करायला आणलेलं बघून. आठवणच नसते. "असू दे की, खटका बसलाय," म्हणजे गोळी अडवणारी कळ लावलीय, असं म्हणत माणूस पिशवी काउंटरवर ठेवतो.

मी दुकानात बसायला लागलो तेव्हा आतल्या कुलपाची चर्चा नुकतीच इथपर्यंत पोचली होती. सोलापूरची पोरं तोवर अमेरिकेत स्थिरावली होती. एका सराफांचा मुलगा टेक्सासहून सुट्टीला आला आणि सांगू लागला, की तिकडं नव्या स्मिथ अँड वेसन रिव्हॉल्वरच्या अंगावर डाव्या बाजूला किल्लीचं बारीक भोक असतं आणि लोक त्या भोकावरून कंपनीला शिव्या घालतात. बाकावरच्या कोणी ते रिव्हॉल्वर पाहिलं नव्हतं, पाहण्याची शक्यताही नव्हती. तरी प्रत्येकाचं मत तयार होतं.

ती गोष्ट अशी. स्मिथ अँड वेसन १९८७पासून टॉमकिन्स या ब्रिटिश कंपनीच्या मालकीची होती. मार्च २००० मध्ये तिनं क्लिंटन सरकारशी करार केला. त्यात साठ दिवसांत बाहेरून लावायचं कुलूप आणि दोन वर्षांत हत्याराच्या आतच कुलूप देण्याचं कलम होतं. झालं, गिऱ्हाइकांनी बहिष्कार टाकला. पुढच्या वर्षी टॉमकिन्सनं ही कंपनी दीड कोटी डॉलरला विकून टाकली. घेतली होती सव्वाअकरा कोटीला. घेणारी सेफ-टी-हॅमर ही कुलपं बनवणारीच कंपनी. मग कुलूप आलंच, आणि वर्षानुवर्षं राहिलं. किल्ली फिरवली की घोड्याजवळ, म्हणजे गोळी सोडायला जो भाग आपटतो त्याच्याजवळ, एक पातं वर येतं आणि घोडा मागं ओढताच येत नाही. टॉरस या ब्राझीलच्या कंपनीनं किल्लीची जागा घोड्यातच केली. रुगरनं काही मॉडेलांत ती दस्त्याच्या लाकडाखाली लपवली आणि त्यावर कोणी फारसं ओरडलं नाही. यातच बरंचसं उत्तर आलं, असं मला वाटतं. डोळ्यांना दिसतं ते खुपतं.

तिकडच्या मालकांच्या तक्रारी तीन प्रकारच्या. रूप बिघडलं, ही पहिली, आणि मनापासून बोलायचं तर बहुतेकांची तीच. त्या भोकाला त्यांनी करार करणाऱ्या क्लिंटन यांच्या बायकोचं नाव ठेवलं यावरून राग कशाचा होता ते कळतं: न मागितलेली वस्तू कोणाच्या तरी राजकारणासाठी आपल्या हत्यारात घुसली. दुसरी तक्रार, ऐन वेळी किल्ली कुठं? तिसरी मात्र कारागिराची आहे. अगदी हलक्या धातूच्या मॅग्नम, म्हणजे जोरदार काडतुसाच्या, रिव्हॉल्वरमध्ये धक्का इतका जोराचा बसतो, की कुलपाचं पातं आपणहून वर येऊन हत्यार अडकल्याचे अनुभव काहींनी सांगितले. त्यामुळं बिनकुलपाच्या जुन्या नगाला जास्त भाव, काहीजण कुलपाचा भाग काढून तिथं बूच बसवतात, आणि आता कंपनीनंही काही मॉडेलं पुन्हा बिनकुलपाची काढली आहेत.

आमच्या बाकावर याचे पडसाद वेगळेच उमटले. मंगळवेढ्याचे एक बागायतदार काका म्हणाले, "रानात रात्री डुक्कर शिरलं, का वाटंत कुणी आडवं आलं, तर मी किल्ली हुडकत बसू होय?" सैन्यातून निवृत्त झालेले सुभेदार साहेब बँकेच्या दारावर बारा बोअर घेऊन उभे असायचे. त्यांचं म्हणणं एका ओळीत संपायचं: "हत्यार रिकामं ठेवा, कुलूप डोक्यात पाहिजे." एक डॉक्टर कुलपाच्या बाजूचे, पण त्यांनी स्वतःचं वेब्ली औषधाच्या कपाटात ठेवलं होतं, ज्याची चावी कपाटालाच लटकलेली असायची. बाकावर बायका नसायच्या. त्या यायच्या जमा पावती न्यायला, आणि त्यांचं मत कोणी विचारलं नाही तरी त्या सांगून जायच्या. एका घरच्या सूनबाई मला स्पष्ट म्हणाल्या, "दादा, मामांना सांगा, आमच्या पिंट्याला कपाटाची चावी कुठं असते ते माहितीय. त्याला न उघडणारं काहीतरी द्या." माझ्या लेखी या सगळ्या वादातलं सर्वांत मोलाचं मत हेच.

इथं कारागीर म्हणून थोडं बोलतो, कारण लोक तीन वेगळ्या गोष्टी एकाच नावानं ओळखतात. पहिली, हत्यार हातातून पडलं तरी गोळी सुटू नये म्हणून आत असलेली अडवणूक. १९४४ मध्ये अमेरिकी नौदलाच्या जहाजावर स्मिथ अँड वेसनचं रिव्हॉल्वर पोलादी डेकवर पडलं, गोळी सुटली आणि एक खलाशी मेला. त्यानंतर घोड्याची ही अडवणूक नव्यानं बनवली गेली. रुगरनं १९७३पासून आपल्या काऊबॉय धाटणीच्या रिव्हॉल्वरमध्ये अशीच एक पट्टी घातली: चाप पूर्ण ओढल्याशिवाय घोड्याचा मार काडतूस पेटवणाऱ्या पिनेपर्यंत पोचतच नाही. दुसरी गोष्ट, हातानं चालवायचा किंवा मुठीनं दाबायचा खटका. तोही जुनाच. स्मिथ अँड वेसननं १८८७ मध्ये असं रिव्हॉल्वर काढलं, ज्याचा दस्ता घट्ट धरल्याशिवाय चाप चालत नव्हता. तिसरी गोष्ट किल्लीचं कुलूप. "माझ्या हत्यारात एकही फालतू पुर्जा नको" असं म्हणणारा माणूस पहिली गोष्ट रोज कमरेला लावून फिरतो आणि त्याला तिचा पत्ताही नसतो. ती त्याच्याकडून काही मागत नाही म्हणून. किल्लीचं कुलूप मागतं, रोज मागतं: लाव, काढ, लाव, काढ. चार दिवसांत माणूस कंटाळतो आणि कुलूप उघडंच राहतं. मग ते आत असलं काय, नसलं काय. मालकांचा विरोध मला म्हणून अर्धा पटतो. धक्क्यानं अडकण्याची भीती इथल्या बत्तीस बोअरला लागू नाही; त्या काडतुसात तेवढा दम नाही.

मधल्या काळात दोन-चार जण आलेच, "आमच्या रिव्हॉल्वरला तसलं कुलूप बसवून द्या" म्हणून. नाही म्हणालो. दुरुस्तीचा परवाना म्हणजे हत्यार होतं तसं करून देण्याचा परवाना. त्याच्या अंगाला भोक पाडून नवी यंत्रणा घालणं त्यात बसत नाही, आणि पोलादी सांगाड्यात कुठंही ड्रिल मारल्यावर तो पुढं किती दाब सोसेल याची हमी मी कोणाला देणार? त्यापेक्षा बाहेरून अडवू, असं ठरवलं. पहिलं आलं ते तारेचं कुलूप. कानपूरचं बत्तीस बोअर मधून मोडून उघडतं. ते रिकामं करून उघडायचं, तार नळीच्या तोंडातून आत घालून काडतुसांच्या चक्रीतल्या समोर आलेल्या घरातून मागं काढायची आणि कुलूप लावायचं. हत्यार मिटतच नाही, मग चालण्याचा प्रश्न कुठं? बाजूला चक्री निघणाऱ्या रिव्हॉल्वरमध्ये तार चक्रीच्या रिकाम्या चौकटीतून जाते. यात मला सगळ्यात आवडतं ते हे, की तार घालायची तर आधी हत्यार रिकामं करावंच लागतं. सुभेदार साहेबांनाही हे पटलं, आणि ते सहज पटणारे नव्हते.

पेटी आली २०१६ च्या नव्या नियमांनंतर. परवान्याचा अर्ज करताना हत्यार सुरक्षित कसं ठेवणार याची विचारणा होऊ लागली आणि लोक आमच्याकडं "काय दाखवायचं?" म्हणून येऊ लागले. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून जाड पत्रा कापून घेतला, कुलूप आजोबांच्या तिजोरीच्या धर्तीवर घरातच बनवलं. पेटी भिंतीला आतून बोल्टनं बसते. काडतुसांचा कप्पा वेगळा, त्याची चावी वेगळी. मग डिसेंबर २०१९ मध्ये कायदा बदलला, एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं राहिली, तिसरं वर्षभरात जमा करणं आलं. आजोबा-पणजोबांच्या बंदुका देताना लोकांच्या डोळ्यांत पाणी असायचं. उरलेल्या दोनांसाठी पेटी मात्र तेच सांगून जायचे. २०२०च्या डिसेंबरात करमाळ्याकडं नरभक्षक बिबट्यानं हाहाकार केला तेव्हा महिनाभर नुसत्या चौकशा, विक्री शून्य. कानपूरचीच नवी रिव्हॉल्वरंही आली, निर्भीक २०१४ मध्ये, प्रबल २०२३ मध्ये. दोन्हींची किंमत ऐकून लोक चहा पिऊन जातात.

शहरात परवाना पोलीस आयुक्तांकडं, ग्रामीणमध्ये जिल्हाधिकाऱ्यांकडं. कागद कुठं लावायचे हे आम्ही सांगतो. "लावून द्या" म्हणाल तर ते आमचं काम नाही.

आता धंद्यात माझी मुलगी आहे, पुण्यात इंजिनिअरिंग करून आलेली. तिचं म्हणणं, पेटीला बोटाचा ठसा लावा: ऐन वेळी किल्लीची शोधाशोध संपते आणि पिंट्यालाही उघडत नाही. माझं म्हणणं, द्राक्षाच्या हंगामात औषध मारून आलेल्या शेतकऱ्याच्या बोटाचा ठसा यंत्राला कळेल का, आणि बॅटरी संपली तर? ती म्हणते, सोबत किल्लीही ठेवू. मी म्हणतो, मग ती किल्ली पुन्हा कपाटालाच लटकणार. तिनं दोन नमुने बनवून मंगळवेढ्याच्या काकांकडं आणि त्या सूनबाईंच्या घरी वापरायला दिले आहेत. काकांनी अजून तरी शिवी दिलेली नाही. सूनबाईंनी पेटी उंचावर बसवायला सांगितली, ती बसवून झाली. द्राक्षाचा हंगाम निघाला की दोघांचं ऐकून किंमत ठरवू.