आईनं हरीण घासलं

मागच्या उन्हाळ्यात आई तीन महिन्यांसाठी फ्रँकफर्टला आली होती आणि पहिल्याच आठवड्यात तिनं घरातली सगळी चांदी घासून काढली. सगळी म्हणजे किती, तर एक निरांजन, लग्नात आलेली आणि कधीच न वापरलेली अत्तरदाणी, मुलीचे वाळे आणि माझ्या टेबलावर ट्रेमध्ये ठेवलेलं एक नाणं. मी ऑफिसातून आलो तर सगळं ओळीनं पंचावर वाळत ठेवलेलं. निरांजन लखलखत होतं, वाळे लखलखत होते, आणि शेवटी ते नाणं, रुपयापेक्षा जरा लहान, त्यावरचं हरीण पार तांबूस झालेलं.

"अरे, ही चांदी नाहीये," आई म्हणाली. "आधी टूथपेस्ट लावून बघितली, मग म्हटलं रांगोळी घेऊ, तर आतून तांबंच निघालं. कितीला घेतलंस?"

मी म्हटलं चाळीस युरो. तिनं मनातल्या मनात रुपये केले आणि फक्त एवढंच म्हणाली, "फसवलं तुला."

आता हिला काय सांगू, की फसवलं खरं, पण मला नाही, साडेसतराशे वर्षांपूर्वी अख्ख्या रोमला, आणि फसवणारा दुकानदार नव्हता, बादशहा होता.

पण ते नंतर. आधी माझं हे जनावरांची रोमन नाणी जमवायचं खूळ कुठून आलं ते सांगतो, कारण लोक विचारतात. रोमन नाणी जमवणारे बहुतेक लोक बादशहा जमवतात. ऑगस्टसपासून सुरू करायचं आणि एकेक खण भरत न्यायचा. मी प्रयत्न केला, नाही जमलं. मला ते सगळे एकाच लग्नात भेटलेल्या, कशावरून तरी रुसून बसलेल्या काकांसारखे दिसतात, बाजूनं काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय कोण कुठला कळत नाही. म्हणून मी नाणं लगेच उलटं करतो. मागं काय आहे ते बघायचं. मागं हत्ती असेल, बैल असेल, करकोचा असेल तर पुढं बोलायचं.

आणि याचं मूळ बहुतेक चार आण्यात आहे. १९८८पासून जो स्टीलचा पंचवीस पैशाचा शिक्का निघाला, त्यावर गेंडा होता, आठवतोय? लहानपणी आम्ही छापा-काटा करताना छापा-काटा म्हणायचोच नाही, सिंह की गेंडा असं म्हणायचो. आजोबांच्या डब्यात १९४७चा अर्धा रुपया होता त्यावर वाघ, नंतरच्या आण्यांवर वशिंडाचा बैल, पैशावर घोडा. नाण्यावर जनावर असणं हे मला तेव्हापासूनच नॉर्मल वाटतं.

तर रोम. तिथं प्रजासत्ताक होतं तेव्हा टांकसाळ बघायला दरवर्षी तिघे जण नेमायचे, बहुतेक विशी-तिशीतली पोरं, राजकारणात पहिलं पाऊल टाकणारी. देनारियस म्हणजे चांदीचं रोजचं नाणं, पावणेचार-चार ग्रॅमचं, इ.स.पू. २११च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजच्या हॅनिबलशी लढाई चालू असताना सुरू झालेलं. (आपला दिनार हा शब्द त्याच देनारियसवरून आलाय, आणि दाम हा ग्रीकांच्या द्राख्मावरून, म्हणजे दामदुपटीची वसुली करणारा आपला सावकारसुद्धा ग्रीक बोलत होता म्हणायचं.) त्या पोरांनी हळूहळू नाण्याची मागची बाजू आपल्या खानदानाच्या जाहिरातीला वापरायला सुरुवात केली. आज चौकाचौकात लागतात ना शुभेच्छुक म्हणून फ्लेक्स, तसंच, फक्त हे खिशात मावायचे आणि कापडाऐवजी चांदीचे.

मेटेलस नावाचं घराणं घ्या. त्यांच्यातल्या एकानं इ.स.पू. २५०मध्ये सिसिलीत पानोर्मसला, म्हणजे आजच्या पालेर्मोला, कार्थेजवाल्यांचे हत्ती पकडले. झालं. शंभर-दीडशे वर्षांनीसुद्धा त्या घरातला कुणी टांकसाळीवर आला की नाण्यावर हत्ती. एकाच्या नाण्यावर ढालीच्या मधोमध हत्तीचं डोकं, एकाच्या नाण्यावर साक्षात ज्युपिटर दोन हत्तींच्या रथात बसलेला, एकाच्या नाण्यावर नुसताच चालणारा हत्ती. पणजोबांनी पकडलेल्या हत्तीवर किती पिढ्या बसायचं याला काही लिमिट!

आणि आडनावांची गंमत वेगळीच. व्होकोनियस व्हिटुलस नावाचा एक जण होता, व्हिटुलस म्हणजे वासरू, तर त्याच्या नाण्यावर सरळ वासरू. ना देव ना लढाई. मला तो माणूस फार आवडतो. आपल्याकडे कोल्हे, ससाणे, वाघमारे यांची अशी नाणी काय झकास दिसली असती, फक्त वाघमाऱ्यांच्या नाण्यावर कोण पुढं आणि कोण मागं यावर भांडण झालं असतं. गाढव्यांनी काय केलं असतं माहीत नाही. बहुतेक मेटेलसांच्या घरात मुलगी दिली असती.

सीझरचा हत्ती मात्र वेगळा. इ.स.पू. ४९मध्ये रुबिकॉन नदी ओलांडून तो आपल्याच गावावर चालून आला, सॅटर्नच्या देवळातला सरकारी खजिना उचलला, आणि सैन्याचा पगार द्यायला जी नाणी पाडली त्यांवर एक हत्ती पायाखाली साप तुडवतोय आणि खाली लिहिलंय सीझर. दुसऱ्या बाजूला माणसाचं तोंडच नाही, पूजेची भांडी आहेत, कुऱ्हाड आहे, पुजाऱ्याची टोपी आहे, कारण तो मुख्य पुजारी होता. म्हणजे एका बाजूला मी किती देवभोळा आणि दुसऱ्या बाजूला आडवं आलात तर तुडवीन. साप की गॉलमधल्या, म्हणजे आजच्या फ्रान्समधल्या, लोकांचं रणशिंग यावर अभ्यासकांची भांडणं चालू आहेत, पण ज्याच्या हातात पगार पडला त्याला अर्थ बरोबर कळला असणार. हे नाणं प्रचंड पाडलं गेलं आणि तरी महाग आहे, कारण सीझर. माझ्याकडे एक आहे. ते मला परवडलं याचं कारण ते ऑफ-सेंटर आहे. तेव्हा गरम चकती खालच्या ठशावर ठेवायची, वरून दुसरा ठसा धरायचा आणि हातोडा हाणायचा, त्यात कुणाचा तरी हात सरकला, आणि माझ्या हत्तीची सोंड आणि तिच्यापुढचा साप दोन्ही चकतीच्या बाहेर गेले. उरलाय तो एक पाय उचलून उभा असलेला, बिनसोंडेचा, काहीच न तुडवणारा हत्ती. बायको म्हणते, हा डोंबिवली फास्टमध्ये चढायला निघालाय.

उंटाची गोष्ट तर आईलासुद्धा आवडली. स्कॉरस नावाचा एक अधिकारी फौज घेऊन नबातियन राजा अरेटसवर गेला, जॉर्डनमधलं पेट्रा ज्यांचं तेच हे लोक. वाळवंटात काही जमेना, शेवटी राजानं तीनशे टॅलेंट (हे तेव्हाचं एक मोठं वजन) चांदी देऊन त्याला वाटेला लावलं. पैसे घेऊन परत आला, बस. पण इ.स.पू. ५८मध्ये याच स्कॉरसनं नाणं काढलं त्यावर राजा अरेटस गुडघ्यावर बसलाय, एका हातात उंटाचा लगाम, दुसऱ्या हातात ऑलिव्हची फांदी, शरण आलोय म्हणून, आणि खाली त्याचं नाव लिहिलंय, गैरसमज नको. मेटेलस निदान पूर्वजांचं सांगत होते, यानं स्वतःचंच सांगितलं, रोममध्ये असं करणारा हा जवळपास पहिलाच. पण मला त्याचा राग वेगळ्याच कारणासाठी आहे. त्याच वर्षी लोकांना खेळ दाखवण्याचं काम त्याच्याकडे होतं आणि त्यानं रोममध्ये पहिल्यांदा पाणघोडा आणला, सोबत पाच मगरी, त्यांच्यासाठी मुद्दाम खणलेल्या पाण्याच्या चरात. गावानं आयुष्यात पहिल्यांदा पाणघोडा बघितला आणि या गृहस्थानं नाण्यावर काय टाकलं, तर लाच खाऊन परत आल्याचा उंट!

रोमच्या नाण्यावर एकट्यानं मिरवायला पाणघोड्याला तीनशे वर्षं थांबावं लागलं. इ.स. २४८मध्ये रोमला हजार वर्षं झाली म्हणून फिलिप बादशहानं मोठा सोहळा केला आणि नाण्यांवर सगळी जत्राच उतरवली, सिंह, रोम वसल्याच्या गोष्टीतली लांडगीण आणि तिची ती दोन मुलं, सांबर, काळवीट, आणि राणी ओटासिलियाच्या नाण्यावर पाणघोडा. खाली रोमन आकडे, ते टांकसाळीच्या कारखान्यांचे नंबर, सिंह एक नंबरचा, लांडगीण दोन नंबरची, पाणघोडा चार नंबरचा. म्हणजे एखादं नाणं हलकं निघालं तर कुठल्या खात्यात जाऊन कॉलर धरायची ते ठरलेलं. माझ्या पाणघोड्याचं तोंड जरा वर आहे आणि चेहरा, काय सांगू, म्हशीच्या अंगावर डुकराचं डोकं आणि वर दोघांनाही ते पसंत नाही. कोरणाऱ्यानं तो रिंगणात लांबून बघितला असेल, किंवा बघून आलेल्या कुणीतरी हातवारे करून सांगितला असेल. मला ही दुसरी शक्यता जास्त आवडते.

आता चांदीकडे येतो. सीझरच्या हत्तीत चांदी जवळजवळ शुद्ध. नीरो बादशहानं वजनही कमी केलं आणि भेसळही केली. मग एकेक जण आला आणि थोडंथोडं पाणी घालत गेला. कॅराकॅलानं २१५मध्ये नवीन मोठं नाणं काढलं, म्हणायचं दोन देनारियसचं आणि आत चांदी दीड देनारियसची. फिलिपच्या पाणघोड्यापर्यंत निम्म्याहून कमी. आणि गॅलिएनस, म्हणजे माझ्या हरणाचा मालक, त्याची तर कथाच न्यारी. बाप व्हॅलेरियन २६०मध्ये इराणच्या शापूरच्या कैदेत, पश्चिमेला गॉल फुटून वेगळं झालेलं, पूर्वेला सीरियातल्या पाल्मिराचे लोक डोईजड, सैन्य पगार मागतंय. चांदी उरली शेकड्याला दोन-चार. मग तांब्याची चकती करायची, वर चांदीचा पातळ हात मारायचा आणि द्यायची सोडून. २६७-६८च्या सुमारास त्यानं एकेका देवाला साकडं घालणारी नाणी काढली, डायना बादशहाची रक्षक, नेपच्यून बादशहाचा रक्षक, सूर्य, हर्क्युलस, ज्युपिटर, आणि प्रत्येक नाण्यावर देव नाही, त्या देवाचं जनावर. हरीण, काळवीट, बोकड, चित्ता, पंखवाला घोडा, अर्धा घोडा अर्धा मासा. जमवणारे याला गॅलिएनसचं प्राणिसंग्रहालय म्हणतात. माझं आपलं निरीक्षण असं की चांदी जसजशी आटत गेली तसतशी जनावरं वाढत गेली. २६८मध्ये मिलानच्या वेढ्यात त्याला त्याच्याच माणसांनी मारलं. एवढे देव, एवढी जनावरं, कुणीही आलं नाही.

आणि तो जो चांदीचा हात, जो सतराशे वर्षं जमिनीत राहूनसुद्धा हरणाच्या पोटावर आणि मानेवर शिल्लक होता, तो आईनं पाच मिनिटांत उतरवला.

हे सगळं मी तिला जेवताना सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे त्या वेळच्या बायकांनी घासून बघितलं असेल की." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. घासलं असणारच. लोकांनी जुनी चांगली चांदी घरात दडवून ठेवली आणि हे नवं बाजारात ढकललं. जर्मन लोक तर त्याच्याही आधीपासून हुशार, टॅसिटस हा रोमन इतिहासकार इ.स. ९८मध्ये लिहितो की त्यांना जुनी, ओळखीची नाणी लागतात, कडेला खाचा पाडलेली आणि दोन घोड्यांच्या रथाची. आमच्या इथल्या भाजीवाल्या आजीबाई अजूनही पन्नासची नोट उजेडात धरून बघतात.

खाचावालं एक माझ्याकडे आहे, माझं सगळ्यात लाडकं. इ.स.पू. ८२चं, मामिलियस लिमेटानसचं. हे घराणं स्वतःला युलिसिसचे, म्हणजे ग्रीक कवी होमरच्या महाकाव्यातल्या राजाचे, वंशज म्हणवायचं. नाण्यावर युलिसिस काठी टेकत, भिकाऱ्याच्या वेषात घरी आलाय, वीस वर्षांनी, आणि त्याला फक्त त्याचा कुत्रा ओळखतो, आर्गोस. होमरच्या काव्यात तो कुत्रा उकिरड्यावर पडलेला असतो, उठायचंही त्राण नाही, नुसती शेपटी हलवतो, कान पाडतो, आणि युलिसिसला त्याच्याजवळ जाताही येत नाही कारण वेषांतर उघडं पडेल, तो डोळे पुसून आत जातो आणि कुत्रा मरतो. नाण्यावर मात्र कुत्रा चार पायांवर उभा आहे, मान वर केलेली, आणि मालकानं त्याच्यापुढं हात केलाय. भिंगातून बघितलं की हात आणि नाक यांच्यात केसाएवढी जागा दिसते. कोरणाऱ्याला गोष्ट नीट माहीत नव्हती असं म्हणा, किंवा त्यानं मुद्दाम केलं म्हणा.

आईनं भिंग डोळ्याला लावून बराच वेळ बघितलं. "धर्मराजाच्या कुत्र्यासारखं," म्हणाली. मग म्हणाली, "काळा पडलाय रे बिचारा. याला जरा हलक्या हातानं..."

त्या दिवसापासून आर्गोस माझ्या मोज्यांच्या खणात राहायला गेला, ती परत जाईपर्यंत.

गेल्या महिन्यात तिचा व्हॉट्सॅपवर फोटो आला. देवघरातल्या डबीत सापडला म्हणे, चार आण्याचा गेंडा, पुसून चकचकीत केलेला, तिच्या तळहातावर. खाली लिहिलं होतं, रांगोळीनं घासून बघितला, आतपर्यंत स्टीलच आहे.