ग्रॅनाइट टॉर्स: फळ्या संपल्या की कळतं

"अहो, सगळीकडे फळ्या टाकल्यात, साध्या बुटांवर जाल," असं सिअ‍ॅटलमधल्या एका अनुभवी गृहस्थांनी ग्रॅनाइट टॉर्सच्या दलदलीच्या वाटेबद्दल मला सांगितलं होतं. पुन्हा भेटले की माझे बूट त्यांना वास घ्यायला देणार आहे.

अलास्कात फेअरबँक्सच्या पूर्वेला चेना नदीच्या काठाने चेना रिव्हर स्टेट रिक्रिएशन एरिया आहे. त्यातला ग्रॅनाइट टॉर्स हा १५ मैलांचा, म्हणजे २४ किलोमीटरचा पायी फेरा. टॉर्स म्हणजे उघड्या खडकाचे सुळके. चेना हॉट स्प्रिंग्ज रोडवर ३९.५ व्या मैलाला सुरुवात. मी आणि मेहुणा जूनच्या तिसऱ्या आठवड्यात गेलो. राजगड-तोरणा केलेल्यांनी चढाची काळजी करू नये. चढ हा तिथला प्रश्नच नाही.

पहिल्या मैलात फळ्या आहेत हे खरं. आमचे ते गृहस्थ तिथूनच परत फिरले असावेत. पुढे जंगलातून चढ, मग झाडं संपतात, मग सुळके दिसायला लागतात. दोन बाजूंच्या सुळक्यांच्या मधे जो सखल पट्टा आहे, त्याबद्दल मला बोलायचंय. तिथे गवताचे गड्डे आहेत, घागरीएवढाले, डोक्यावर गवताची झिपरी. गड्ड्यावर पाय दिला तर तो कलंडतो, दोन गड्ड्यांच्या मधे दिला तर घोट्याच्या वर बर्फगार पाणी. खालची जमीन गोठलेली, त्यामुळे पाणी मुरत नाही. अधूनमधून चार फळ्या येतात, आशा वाटते, आणि त्या संपतात. आमचा वेग ताशी मैलभरही राहिला नाही. मेहुणा तीनदा पडला, मी दोनदा (तो म्हणतो चारदा). आणि डास! बोलायला तोंड उघडायची सोय नाही. डोक्यावरून घ्यायची जाळी नसेल तर जूनमध्ये जाऊच नका, ही एक गोष्ट मी हट्टाने सांगेन.

गंमत म्हणजे पायाखाली एवढं पाणी, आणि प्यायला धड ओढा नाही. आम्ही प्रत्येकी दोन लिटर नेलं होतं. चार न्या. गाळणी असली तरी चार न्या. काठ्या दोन हव्यात, एक पुरत नाही. सुती मोजे गाडीतच ठेवा.

साधारण निम्म्यावर एक छोटी निवाऱ्याची खोली आहे. फुकट, आरक्षण नाही, जो आधी पोचेल त्याची. आम्ही पोचलो तेव्हा आत दोघे झोपलेले. म्हणजे तंबू न्यावाच लागतो. आम्ही तो एका सुळक्याच्या आडोशाला लावला. सहा ते आठ कोटी वर्षांपूर्वी तप्त खडक जमिनीखालीच थिजला, वरची माती-दगड झिजून गेले आणि हे सुळके उघडे पडले. रात्री बारा वाजता त्यांच्यावर तांबूस ऊन होतं. अर्धा तास आम्ही दोघं काही बोललो नाही. त्या अर्ध्या तासात कोणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, चपलेवर या, पण या. अंधार पडतच नाही, तेव्हा डोळ्यांवर बांधायला काहीतरी ठेवा.

आता अस्वलाच्या फवाऱ्याबद्दल, म्हणजे अंगावर आलेल्या अस्वलावर मारायच्या तिखट फवाऱ्याच्या डब्याबद्दल. विमानात तो नेता येत नाही, चेक-इनच्या बॅगेतही नाही. तिथेच विकत घ्यावा लागतो. आम्ही घाईत वाटेवरच्या एका दुकानातून दोन डबे घेतले. परतताना फेअरबँक्स शहरात तोच डबा वीस डॉलरने स्वस्त दिसला. तेव्हा आधी शहरात खरेदी करा, पेट्रोलही तिथेच भरा, आणि डबा प्रत्येकाला एक घ्या, तो ज्याच्या त्याच्या कमरेला हवा. अस्वल दिसलं नाही. मूस (हरणाच्या कुळातला भला मोठा प्राणी) दिसलं, वाटेतच उभं, आणि त्याला जायची अजिबात घाई नव्हती. वर झाडं नसल्यामुळे खाणं टांगता येत नाही, अस्वलाला न उघडणारा डबा लागतो.

पुढचे दोन दिवस ४३ व्या मैलाजवळच्या रेड स्क्विरल कॅम्पग्राउंडवर काढले. तळं आहे, छान आहे. रस्ता संपतो तिथे गरम पाण्याचे झरे आहेत, तिथेही गेलो.

मेहुणा आता तिथल्याच चेना डोम या दुसऱ्या फेऱ्याचं म्हणतोय, जवळजवळ ३० मैल. वाट बरीचशी उघड्या धारेवरून आहे, चिखल नाही म्हणे. कोणी सांगितलं विचारलं, तर नाव सांगत नाही.