गरुडाच्या शेजारी माकली कशाला?

"सर, गरुडाच्या डोळ्याशेजारी माकलीचा डोळा कशाला लावलाय?" प्रयोगशाळेतल्या त्या दोन तक्त्यांवरून मुलं विचारतात, पालकही विचारतात. गरुडाचं कुणालाच नवल नाही. क्लासच्या प्रत्येक फलकावर 'गरुडझेप' असतेच. माकलीला, म्हणजे कटलफिशला, आपण ओळखतो ते ताटात.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

गरुडाच्या नजरेबद्दल वाद नाही. ऑस्ट्रेलियातल्या वेज-टेल्ड गरुडाला माणसाच्या दुपटीहून बारीक दिसतं. पण त्याच्या डोळ्यात आपल्यासारखीच एक खोट आहे. दृष्टिपटलावरचे मज्जातंतू पुढच्या बाजूने येतात आणि मेंदूकडे जायला पटलातूनच वाट काढतात. त्या जागी काही दिसत नाही, हाच अंधबिंदू. माकलीचे तंतू मुळात मागून निघतात, त्यामुळे तिला अंधबिंदूच नाही. पाठीचा कणा नसलेल्या, कालवा-शिंपल्यांच्या या नातेवाइकाने डोळा स्वतंत्रपणे घडवला आणि माझ्या मते जास्त नीट घडवला.

गंमत म्हणजे क्षणात रंग पालटणारी ही बाई स्वतः रंगांध. मात्र प्रकाशलहरी कुठल्या दिशेने कंप पावतात ते तिला दिसतं. 'सेपिया प्लँगॉन' जातीच्या माकलीला त्या दिशेतला साधारण एका अंशाचा फरक ओळखता येतो, हे २०१२ साली प्रसिद्ध झालं. २०२० मध्ये तर अमेरिकेतल्या संशोधकांनी माकल्यांना थ्री-डी सिनेमासारखे लाल-निळे चष्मे चढवले आणि पडद्यावर कोळंबी दाखवली. कोळंबी जिथे असल्याचा भास व्हायचा, तेवढ्या अंतरावर जाऊन माकली हल्ला करायची. म्हणजे दोन डोळ्यांनी अंतराचा अंदाज घेणं गरुडालाच जमतं असं नाही.

एवढं सांगूनही चेहरे कोरेच राहिले, तर मी बाजारातून समुद्रफेनवाली, म्हणजे पाठीत पांढरं हलकं कवच असलेली, मोठी माकली आणतो. डोळा चिरला की शाईसारखं काळं पाणी येतं आणि मागोमाग टणक, पारदर्शक गोळी. तेच भिंग. नखाने दाबलं की मधोमध दोन तुकडे होतात, कारण ते बनतंच दोन भागांत. वर्तमानपत्रावर ठेवलं की खालची अक्षरं मोठी दिसतात.

गेल्या वर्षी एका मुलीने त्यातला अर्धा तुकडा कंपासपेटीत घालून घरी नेला. दुसऱ्या दिवशी तिची आई आली. तक्त्याबद्दल तिने काही विचारलं नाही, वासाबद्दल विचारलं.