कार्ड नसलेली पहिलटकरीण

मे महिन्यातली रात्र. तेलंगणात मिरची तोडायला गेलेल्या टोळ्या गडचिरोलीत परतत होत्या. त्यांतलीच एक पहिलटकरीण कळा देत आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आली. गरोदरपणाच्या तपासणीचं कार्ड मागितलं तर सासू म्हणाली, "कार्ड काढलंच नाही जी बाई." म्हणजे रक्तगट माहीत नाही, हिमोग्लोबिन नाही, सोनोग्राफी नाही, सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या या पट्ट्यात तीही तपासणी नाही. पाळी कधी चुकली? "पोळा झाल्यावर."

पायावर बोट दाबलं, खळगा तसाच राहिला. "चार दिवसांपासून डोस्कं दुखते म्हणते जी, ऊन लागलं असल." बीपी १८०/१२०. लघवीत अल्ब्युमिन, म्हणजे प्रथिन, भरपूर. डॉक्टरांना हाक मारेपर्यंत तिचे डोळे फिरले, दातखीळ बसली आणि अंग झटके देऊ लागलं.

डाव्या कुशीवर वळवलं, फेस ओढून काढला, ऑक्सिजन लावला. मग झटके थांबवणारं औषध, मॅगसल्फ. एका अँप्यूलमध्ये एकच ग्रॅम असतं आणि दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅम द्यायचं, म्हणजे दहा अँप्यूल. एकीने फोडायच्या, दुसरीने सिरिंजमध्ये ओढायच्या. हे इंजेक्शन फार दुखतं, शुद्धीतली बाई ओरडते. ती हललीसुद्धा नाही. डॉप्लर पोटभर फिरवला; बाळाचे ठोके कुठेच लागले नाहीत. १०८ आली, मी सोबत बसले.

जिल्ह्याच्या दवाखान्यात बाळंतपण झालं. मुलगी, मेलेली. आई वाचली. दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आल्यावर तिने पहिल्यांदा बाळच मागितलं.

"या बायकाच निष्काळजी," असं कोणी म्हणालं की मला राग येतो. हिने तपासणी कधी नाकारलीच नव्हती. नवीन लग्न. सासरच्या आशाताईला वाटलं माहेरी आहे, माहेरच्या आशाताईला वाटलं सासरी. पुढे टोळीची गाडी निघाली, आणि तिथे एक दिवस दवाखान्यात घालवला की त्या दिवसाची मजुरी गेली. शिवाय बीपी वाढताना सुरुवातीला दुखत-खुपत नाही, पट्टा बांधल्याशिवाय कळत नाही. सहाव्या-सातव्या महिन्यात कळलं असतं तर गोळ्या सुरू करून, लक्ष ठेवून बहुतेक वेळा झटक्यांपर्यंत गोष्ट जात नाही.

आता टोळ्या निघायच्या आधी आम्ही मुकादमाकडून बायकांची नावं घेतो. काही मुकादम टाळतात, मग आशाताई घरोघर विचारते. पाळी चुकलेल्या प्रत्येकीची लघवी तपासतो, बीपी, रक्त बघतो, लोहाच्या गोळ्या आणि कार्ड तिच्या हातात देतो, सासूच्या नाही. आणि तिलाच बजावतो: तिथल्या सरकारी दवाखान्यात दर महिन्याला बीपी मोजून घे. डोस्कं दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर ते उन्हावर ढकलू नको. त्याच दिवशी दवाखाना गाठ.