डीप स्टॉपच्या नादात माझा टँक संपत आला होता

अंदमानातल्या हॅवलॉकला स्कूबाच्या ॲडव्हान्स्ड कोर्सची डीप डाइव्ह, बडी, म्हणजे पाण्यातला जोडीदार, माझा मेव्हणा, आणि मनगटावर एकाकडून सेकंडहँड घेतलेला डाइव्ह कॉम्प्युटर, ज्याच्या सेटिंग्ज मी एकदाही उघडून बघितल्या नव्हत्या. 28 मीटरवरून दोराच्या कडेने वर येत होतो, 14 मीटरला पठ्ठ्या टुंग टुंग करायला लागला आणि स्क्रीनवर 2 मिनिटं उलटी मोजायला सुरुवात. मला वाटलं डेकोमध्ये गेलो, म्हणजे आता मधे थांबल्याशिवाय थेट वर जाता येणार नाही! करंट होता, दोर घट्ट धरून लटकलो, धापा टाकत, आणि वर मेव्हणा नि इन्स्ट्रक्टर हाताने "काय झालं" विचारतायत. मग 5 मीटरला 3 मिनिटांचा नेहमीचा सेफ्टी स्टॉप झालाच. बोटीवर टँकच्या हवेचा काटा 35 बारवर, आणि 50 ठेवून या असं बजावलं होतं, त्यामुळे बोलणी खाल्ली.

मेव्हणा म्हणे, "दाजी, मधेच कशाला लटकलात?"

डेको वगैरे काही नव्हतं, डीप स्टॉपचा, म्हणजे वर येताना साधारण निम्म्या खोलीवर थोडं थांबायला लावणारा ऑप्शन चालू होता एवढंच. रात्री वाचत बसलो. हे फॅड पसरलं त्यात रिचर्ड पाइल नावाच्या हवाईच्या मत्स्यशास्त्रज्ञाचा मोठा हात. तो खोलवरून जिवंत मासे आणायचा, वर येताना त्यांच्या पोटातली फुगलेली हवेची पिशवी सुईने मोकळी करायला मधेच थांबायचा, आणि लक्षात आलं की अशा दिवशी थकवा कमी येतो. 2004 मध्ये 25 मीटरच्या डाइव्हवर एक अभ्यास छापून आला, 15 मीटरला थांबलं की डॉपलरवर, म्हणजे आवाजाच्या लहरींनी तपासणाऱ्या यंत्रावर, रक्तातले बुडबुडे कमी दिसतात. पण बुडबुडे कमी म्हणजे बेंड्स (वर येताना शरीरातल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊन होणारा आजार) कमी असं थेट नाही ना.

नंतर अमेरिकन नेव्हीने 2011 मध्ये रिपोर्ट काढला. 52 मीटर, 30 मिनिटं, वर यायला दोन्ही गटांना सारखाच वेळ, फक्त थांबे एकाला खोल आणि दुसऱ्याला उथळ. खोलवाल्यांच्या 198 डाइव्हमध्ये 11 जणांना बेंड्स, उथळवाल्यांच्या 192 मध्ये 3. कारण खाली रेंगाळलं की हळू भरणाऱ्या टिश्यूत नायट्रोजन अजून जातच राहतो. आता ती डाइव्ह आपली नव्हे, आपल्या नो-डेको डाइव्हला 2 मिनिटांनी काही आभाळ कोसळत नाही, पण फायदा होतो म्हणावं तर तसा भक्कम पुरावाही मला सापडला नाही. आणि हवेचा हिशोब बघा, 14 मीटरला प्रेशर 2.4 पट, शांत माणसाचे 2 मिनिटांत आठ-नऊ बार जातात, माझ्यासारख्या घाबरटाचे दुप्पट धरा. तीच हवा 5 मीटरसाठी राखलेली बरी.

सकाळी इन्स्ट्रक्टरला विचारलं तर म्हणाला, "बंद करून टाक, मिनिटाला 9 मीटरच्या वर पळू नकोस आणि सेफ्टी स्टॉप चुकवू नकोस."

केला बंद. त्या दिवशी 14 मीटर आलं कधी नि गेलं कधी कळलंच नाही, 5 मीटरला 3 च्या जागी 5 मिनिटं निवांत तरंगलो, वर आलो तर 70 बार. मेव्हण्याचे 95, तो श्वास घेतो की नाही देव जाणे.