कॉम्पॅक्टफ्लॅश कार्डावरून टायनी कोअर : जुन्या थिंकपॅडवरचा माझा अनुभव

२००४ सालच्या आयबीएम थिंकपॅड टी४२ ची हार्ड डिस्क गेली की तसलीच आयडीई (जुन्या पद्धतीच्या जोडणीची) डिस्क शोधू नये. मिळतात त्या बहुतेक वापरलेल्याच असतात. मी तिच्या जागी ८ जीबीचं कॉम्पॅक्टफ्लॅश (जुन्या कॅमेऱ्यांतलं मेमरी) कार्ड बसवलं आणि त्यावर टायनी कोअर ही अगदी लहान लिनक्स प्रणाली. कॉम्पॅक्टफ्लॅशला आयडीईची भाषा मुळातच येते, त्यामुळे मधल्या अडॅप्टरमध्ये रूपांतर करणारी चिप लागत नाही, नुसत्या तारा जोडलेल्या असतात.

पण त्या तारा पूर्ण जोडलेल्या हव्यात. लॅपटॉपसाठी ४४ पिनांचा अडॅप्टर घ्यायचा. वीज त्याच पिनांमधून येते, वेगळी वायर लागत नाही. (डेस्कटॉपच्या ४० पिनांच्या अडॅप्टरला वीज वेगळी द्यावी लागते.) टी४२ मध्ये सॉकेट लॅपटॉपच्या बाजूला आहे, म्हणून अडॅप्टरला बाहेर आलेल्या पिना हव्यात. उलटा प्रकारही बाजारात मिळतो, तो इथे बसत नाही. खालचा स्क्रू काढला की जुनी डिस्क बाजूने सरकून बाहेर येते. अडॅप्टर लावताना पिनांची एक ओळ सरकून बसली तर ५ व्होल्ट भलत्याच पिनेवर जातात आणि कार्ड जळतं. २० क्रमांकाची पिन मुद्दाम गाळलेली असते, ती रिकामी जागा पाहून दिशा पक्की करावी.

स्वस्त अडॅप्टरांत डीएमएच्या (प्रोसेसरला मधे न घेता डेटा थेट रॅममध्ये नेण्याच्या सोयीच्या) दोन तारा बऱ्याचदा जोडलेल्याच नसतात. कार्ड म्हणतं मला डीएमए येतं, कर्नल (लिनक्सचा गाभा) त्यावर विश्वास ठेवतो, आणि बूट होताना तीस-तीस सेकंद सगळं थिजतं. लॉगमध्ये टाइमआउटच्या ओळी दिसतात. कार्ड खराब समजून ते टाकून देऊ नका. बूटच्या ओळीत (चालू होताना कर्नलला सूचना देतात त्या ओळीत) ‘लिबएटीए डॉट डीएमए = ३’ (libata.dma=3) लिहिलं की फक्त कॉम्पॅक्टफ्लॅशचं डीएमए बंद होतं, सीडी ड्राइव्हचं चालू राहतं. वेग पीआयओ-४ वर (प्रोसेसरने स्वतः डेटा हलवण्याच्या पद्धतीवर), म्हणजे कमाल सेकंदाला १६.७ एमबीवर येतो. टायनी कोअरला तेवढा भरपूर आहे, तरी मिळाला तर डीएमएच्या तारा असलेलाच अडॅप्टर घ्यावा.

टायनी कोअरच का, याचं कारण लहान आकार एवढंच नाही. फ्लॅश झिजतं ते लिहिण्याने, वाचण्याने नाही. जुन्या कॉम्पॅक्टफ्लॅशच्या कंट्रोलरकडून झीज नीट वाटून घेण्याची फार अपेक्षा ठेवू नये. नेहमीची लिनक्स प्रणाली लॉग, कॅशे, तात्पुरत्या फायली असं काहीबाही सतत लिहीत असते. टायनी कोअर कर्नल आणि कोअर डॉट जीझेड (मूळ प्रणालीची फाइल) रॅममध्ये उलगडतं, बाकीचे प्रोग्राम वाचण्यापुरते माउंट करतं, आणि आपण सांगेपर्यंत कार्डावर काहीच लिहीत नाही. मला हवं होतं ते नेमकं हे. शिवाय त्याची ३२-बिट आवृत्ती पीएई (४ जीबीपेक्षा जास्त रॅम वापरण्याची प्रोसेसरची सोय) मागत नाही. सुरुवातीच्या पेंटियम एम प्रोसेसरांवर पीएईची खूणच नसल्यामुळे बऱ्याच वितरणांचे कर्नल तिथे अडतात.

कोअरप्लसची (टायनी कोअरच्या इन्स्टॉलर असलेल्या आवृत्तीची) सीडी बर्न करून एफ१२ ने तिच्यावरून बूट केलं. इन्स्टॉलर आधी कोअर डॉट जीझेड कुठे आहे ते विचारतो. सीडीवरच्या बूट फोल्डरमधली फाइल दाखवायची. मग ‘फ्रुगल’ (मोजक्याच फायली कार्डावर ठेवणारा प्रकार), पूर्ण डिस्क, आणि बूटलोडरवर टिक. पूर्ण डिस्क निवडण्याआधी यादीतलं नाव नीट वाचा, पेनड्राइव्ह लावलेला असेल तर तोही तिथेच दिसतो. फाइल सिस्टीम मी एक्स्ट४ ठेवली. वाय-फायचा आधार आणि फर्मवेअर या दोन खुणा इथेच करून घ्याव्यात. नाहीतर वाय-फायचं फर्मवेअर उतरवायला आधी नेट हवं, अशी अडचण होते आणि लॅनची केबल शोधावी लागते. स्वॅप पार्टिशन (रॅम कमी पडली तर वापरायची जागा) कार्डावर अजिबात करू नका. टायनी कोअर कॉम्प्रेस केलेला स्वॅप रॅममध्येच ठेवतं.

हेच पेनड्राइव्हवर करणार असाल तर बूटच्या ओळीत ‘वेटयूएसबी = ५’ (waitusb=5) घाला. पेनड्राइव्ह ओळखला जायला काही सेकंद लागतात. तेवढं थांबलं नाही तर प्रोग्रामांचं फोल्डर सापडत नाही आणि समोर नुसता प्रॉम्प्ट येतो.

लोक अडतात ते बॅकअपपाशी. बंद करताना होम आणि ऑप्ट ही फोल्डरं ‘मायडेटा डॉट टीजीझेड’ या एका फाइलमध्ये बांधली जातात आणि पुढच्या बूटला रॅममध्ये परत उलगडतात. उतरवलेल्या फायली होममध्ये साठू दिल्या की बंद होणं लांबतं, चालू होणं लांबतं, रॅम भरते. म्हणून कार्डावर वेगळं फोल्डर करून मोठ्या फायली थेट तिथे ठेवाव्यात, आणि ब्राउझरचा कॅशे वगळण्याच्या यादीत आहे ना ते पाहावं. होम कायमचं कार्डावर नेण्याची सोय आहे, पण मग ब्राउझर दर काही सेकंदांनी कार्डावर लिहू लागतो आणि सगळ्या खटाटोपाचा हेतूच बुडतो. जुन्या लॅपटॉपची बॅटरी बहुधा मेलेली असते. बॅकअप चालू असताना वीज गेली तर ती फाइल अर्धवट राहते, म्हणून बंद करताना ‘सेफ’ पर्याय निवडावा. त्यात आधीची प्रत वेगळ्या नावाने राहते.

एकही साइट उघडत नाही, सगळीकडे प्रमाणपत्राची चूक दिसते, असं झालं तर आधी घड्याळ पाहा. मदरबोर्डची बटण-बॅटरी संपली की तारीख कित्येक वर्षं मागे जाते. बॅटरी बदलावी, आणि टाइमझोन ‘आयएसटी-५:३०’ असा द्यावा. भारत ग्रीनिचच्या पुढे असला तरी इथे उणे चिन्हच बरोबर आहे. अधिक दिलं तर घड्याळ अकरा तास मागे पडतं.

ब्राउझरबाबत स्पष्ट सांगायला हवं. फायरफॉक्सची ३२-बिट लिनक्ससाठीची १४४ ही शेवटची आवृत्ती. टी४२ मध्ये २ जीबीपेक्षा जास्त रॅम बसत नाही, आणि आजची जड पानं तीच खातात. लेखन, साधी पानं, पीडीएफ, गाणी यांना हे यंत्र छान आहे. व्हिडिओसाठी नाही.

कर्नल बदलताना वाय-फायचं एक्स्टेन्शनही (टायनी कोअरमध्ये प्रोग्राम ज्या रूपात मिळतात ती फाइल) त्याच कर्नलचं घ्यावं लागतं, नाहीतर वाय-फाय गायब होतं. मराठीसाठी लोहित किंवा नोटोचा देवनागरी फॉन्ट होममधल्या ‘डॉट फॉन्ट्स’ फोल्डरमध्ये टाकला आणि फॉन्ट कॅशे ताजा केला की ब्राउझरमध्ये मजकूर स्वच्छ दिसतो. फॉन्ट लहान असल्याने बॅकअपवर भार पडत नाही. मात्र टायनी कोअरची स्वतःची साधनं एफएलटीकेवर (खिडक्या-बटणं काढणाऱ्या लायब्ररीवर) बेतलेली आहेत, त्यांच्या खिडक्यांत जोडाक्षरं तुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे पडते. फाइलचं नाव बिघडलेलं नसतं, फक्त दिसतं तसं. मराठी नावांच्या फायली जास्त असतील तर पीसीमॅनएफएम हा जीटीकेवरचा (मराठी नीट दाखवणाऱ्या तशाच दुसऱ्या लायब्ररीवरचा) फाइल मॅनेजर घालून घ्यावा.